बावीस बोरची प्रभा

फोन आला तेव्हा मी गॅलरीत उन्हाला बसून मटार सोलत होते. जयपूरचा नंबर दिसला आणि वाटलं, प्रभाच असणार. थंडी सुरू झाली की तिचा एक फोन ठरलेला असायचा, "काय शैलाताई, तुमच्या पुण्यात स्वेटर निघाले का?" असं चिडवायला. पण आवाज तिच्या मुलीचा, सुजाताचा होता. "मावशी, आई... मतलब, आई गेली. झोपेतच गेली. चहाला उठली नाही म्हणून मी बघायला गेले..." सुजाता जन्मापासून जयपूरची. तिचं मराठी अडखळत चालतं आणि जरा घाई झाली की हिंदीत शिरतं. त्या दिवशी मात्र ती थांबत थांबत का होईना, शेवटपर्यंत मराठीतच बोलली. आईची बातमी आईच्या भाषेत द्यायची, असं तिनं ठरवलं असावं. मी आत जाऊन यांना सांगितलं. यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आपली बावीस बोर?" एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

बावीस बोर हे पिस्तुलावरून पडलेलं नाव ऐकून कोणाला वाटेल, बाई मोठी खमकी असेल, चारचौघांना धाकात ठेवणारी असेल. तसं काही नव्हतं. मी ओळखू लागले तेव्हा प्रभा बिऱ्हाडे ही जयपुरातली सगळ्यात घाबरट बाई होती, आणि हे मी तिच्या तोंडावरही म्हणत असे. दिल्लीत एशियाड झालं, त्याच्या मागेपुढची ती वर्षं. हे विमा कंपनीत अधिकारी, सांगलीहून बदली होऊन आम्ही जयपूरला गेलो होतो. घराबाहेर मराठी शब्द ऐकायला मिळायचा नाही. स्टेशनजवळच्या बाजारात एकदा मी भाजी घेत होते, तर शेजारून आवाज आला, "बघ, मेथी कशी म्हातारी झाली आहे, आणि भैया म्हणतो आजच तोडली." मला हसू फुटलं. उंच, सडपातळ, सावळी बाई, कडेवर छोटी सुजाता. ती वळून म्हणाली, "तुम्ही आपल्याकडच्या का?" मी सांगलीची, ती अमळनेरची. महाराष्ट्रात असतो तर मधे आख्खी रात्र एसटीत काढावी लागली असती. जयपुरात ते सगळं 'आपल्याकडचं' झालं. त्या दिवशी ती मला तिच्या क्वार्टरवर घेऊन गेली आणि उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी, ठेचा समोर ठेवून म्हणाली, "खा व ताई, इथे बाजरी मिळते पण हात आपलाच लागतो."

तिचे यजमान मालगाडीवर गार्ड होते. ड्यूटीवर गेले की दोन-दोन दिवस येत नसत. गार्डाची एक लोखंडी पेटी असते. तिच्यात झेंड्या, दिवा आणि रुळावर लावायचे फटाके असतात. धुक्यात सिग्नल दिसत नाही, तेव्हा हे फटाके रुळाला बांधतात. चाक वरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर सावध होतो. बिऱ्हाडे भाऊजी घरी आले की ती पेटी दाराबाहेर पडवीतच राहायची, कारण प्रभा ती घरात येऊ द्यायची नाही. दिवाळीत ती सुजाताला घेऊन आतल्या खोलीत बसायची, कानात कापूस घालून. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी स्वयंपाकघरातून बाहेर यायची. आम्ही हसायचो, तीही हसायची. पण कारण कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अशा बाईच्या हातात पिस्तूल आलं कसं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका उन्हाळ्यात, भर दुपारी, तिच्या रांगेतल्या एका क्वार्टरमध्ये चोर शिरले. घरातल्या बाईला स्वयंपाकघरात कोंडून कपाट फोडलं आणि निघून गेले. त्या बाईला इजा झाली नाही, पण पुढे कित्येक दिवस ती दिवसाढवळ्या दाराला कडी लावून बसायची. बिऱ्हाडे भाऊजींनी ते मनाला लावून घेतलं. आपण ड्यूटीवर, बायको आणि लहान पोर एकटी... त्यांनी ठरवलं, घरात रिव्हॉल्व्हर ठेवायचं. राजस्थानात ते काही नवलाचं नव्हतं. कॉलनीमागे एक सूबेदारसाहेब राहायचे, फौजेतून निवृत्त झालेले. आग्रा रोडवर एका क्लबची नेमबाजीची रेंज होती, तिथे ते रविवारी लोकांना शिकवायचे. भाऊजी त्यांच्याकडे सल्ला घ्यायला गेले, कुठल्या बोरचं घ्यावं म्हणून. बोर म्हणजे नळीचं माप, म्हणजेच गोळी केवढी ते. सूबेदारसाहेबांनी विचारलं, "घर पर कौन रहेगा, आप या बहू?" भाऊजी म्हणाले, बहू. "तो फिर बहू पसंद करेगी. इतवार को ले आइए."

प्रभा तशीच माझ्याकडे आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "शैलाताई, तुम्ही येता का सोबत? तिथे बाई माणूस कोणी नाही. आणि हे बोर बोर म्हणतात, मला तर खायची, आमच्याकडची मेहरूणची बोरंच आठवतात." यांना वाटलं मी नाही म्हणेन. मी म्हटलं, रविवारी दुपारी तुम्ही झोपणारच आहात, मी जाऊन येते.

सुजाताला शेजारणीकडे ठेवून, बस्सीला जाणाऱ्या बसने भाऊजी, प्रभा आणि मी कानोत्याच्या अलीकडे उतरलो. रस्त्यापासून आत चालत जावं लागायचं. बाभळींच्या मागे एक टेकडी, तिच्या पोटाशी मातीचा उंच बांध, बांधापुढे लाकडी चौकटीत लावलेली कागदी लक्ष्यं, आणि अलीकडे पत्र्याची शेड. शेडमध्ये पाच-सहा पुरुष. त्यात जौहरी बाजारातले एक पाचूचे व्यापारी होते, सगळे त्यांना जौहरीजी म्हणायचे. बोटांत अंगठ्या, अंगावर पांढरा सफारी आणि स्वतःचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर. माणूस मनमोकळा, पण सल्ला द्यायची भारी हौस. भाऊजींनी विषय काढताच ते म्हणाले, "बत्तीस से नीचे सोचिए ही मत. बाईस बोर से तो कबूतर मरता है." प्रभा माझ्या कानाशी पुटपुटली, "मला तर कबूतर पण नाही मारायचं." तिथल्या बाकीच्यांचीही आपापली मतं होती. कोणी म्हणे मोठी गोळी म्हणजे मोठा धाक, कोणी म्हणे बायकांच्या मनगटाला झेपणार नाही. ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं, तिला कोणी विचारत नव्हतं. सूबेदारसाहेब तेवढे गप्प होते. त्यांनी क्लबचं बावीस बोरचं पिस्तूल उचललं, प्रभाला शेडच्या कडेला उभं केलं, कानात कापूस घालायला लावला, आणि हात कसा धरायचा, नळीवरच्या खाचेतून पुढचा दाणा कसा बघायचा, श्वास कुठे थांबवायचा ते सावकाश दाखवलं.

पहिली गोळी सुटली. फटकन आवाज झाला, एखादी काटकी मोडावी तसा. प्रभा दचकली, पण उभी राहिली. कागदाच्या अगदी कोपऱ्यात भोक पडलं होतं. तिनं आणखी काही गोळ्या झाडल्या आणि एक तर वर्तुळाच्या आत गेली. भाऊजींचा चेहरा फुलला. "आता बत्तीस देऊन बघा," ते म्हणाले. जौहरीजींनी मोठ्या मनानं आपलं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. आणि त्या गोळीसरशी प्रभाचं अवसान गळालं. धडाका झाला, हात वर उडाला, डोळे गच्च मिटलेले, आणि गोळी लक्ष्यापासून कितीतरी खाली मातीत. पुन्हा झाडली, पुन्हा मातीत. जौहरीजी धीर देत होते, "होता है, झटका है, आदत हो जाएगी."

सूबेदारसाहेबांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, आमच्याकडे पाठ करून त्यात काडतुसं भरली आणि परत तिच्या हातात दिलं. तिनं नेम धरला, खटका ओढला. नुसताच टिक असा आवाज. साहेबांनी रिव्हॉल्व्हरच्या चक्रीतल्या काही घरांत मुद्दाम वापरलेली, रिकामी काडतुसं घातली होती. गोळी सुटलीच नव्हती, पण आम्ही सगळ्यांनी पाहिलं, नळी झपकन खाली गेली होती आणि प्रभाचे डोळे मिटलेले होते. साहेबांनी अगदी हळू विचारलं, "गोली तो चली नहीं, बेटी. फिर तुम डरीं किससे?"

प्रभानं रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि शेडच्या मागे जाऊन बसली. मी मागोमाग गेले. तिथे एका दगडावर बसून तिनं मला पहिल्यांदा सांगितलं... तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. रुळांची देखभाल करायची, खडी भरायची, पायी हिंडून रूळ तपासायचे. ती दुसरी-तिसरीत असताना दुपारचा डबा घेऊन त्यांच्याकडे जात होती. रुळाला कुठे तडा गेलेला दिसला होता, म्हणून येणाऱ्या गाडीला सावध करायला वडील रुळाला फटाका बांधत होते आणि तो हातातच फुटला. वडिलांची दोन बोटं गेली. "मला फक्त तो आवाज आठवतो, ताई. आणि डबा खाली पडला ते. पुढचं काही नाही. मी कान झाकून बसले असणार." मग म्हणाली, "साहेब बरोबर बोलले. आवाज व्हायच्या आधीच मी तो ऐकते."

मला वाटलं, आता हे प्रकरण संपलं. ती उठली, शेडमध्ये गेली आणि सूबेदारसाहेबांना म्हणाली, "मैं बाईस बोर से सीखूँगी." भाऊजी कुरकुरले. घरात ठेवायचं तर बत्तीसच हवं, मग शिकायचंही बत्तीसवरच, हा त्यांचा हिशेब. साहेबांनी त्यांना समजावलं. बड़ा बोर झटका सिखाता है, छोटा बोर निशाना सिखाता है, असं त्यांचं वाक्य मला अजून आठवतं. मोठ्या गोळीचा आवाज आणि हिसका एवढा असतो की आपलं काय चुकलं ते कळतच नाही, माणूस बंदुकीला दोष देऊन मोकळा होतो. बावीस बोर लपू देत नाही. मनगट हललं, श्वास चुकला, खटका घाईनं ओढला, सगळं कागदावर दिसतं.

त्यानंतरचे आमचे रविवार ही माझ्या जयपूरच्या दिवसांतली सगळ्यात सुखाची आठवण आहे. सकाळी यांच्यासाठी नाश्ता ठेवून मी निघायची, प्रभा सुजाताला भाऊजींकडे नाही तर शेजारणीकडे सोडून यायची. बसमध्ये खिडकीची जागा ती मला द्यायची. मीही पिस्तूल धरून बघितलं, पण माझी गोळी शेजारच्या माणसाच्या कागदावर लागल्यावर साहेबांनी हात जोडले आणि मी शेडमध्ये बसून विणकाम करू लागले. प्रभाची चिकाटी मात्र बघण्यासारखी होती. घाई करायची नाही. गोळी झाडली की पिस्तूल खाली ठेवायचं, डोळे मिटून घ्यायचे, पुन्हा उचलायचं. पावसाळ्यात बांधाला गवत आलं, टेकडीवर मोर ओरडू लागले, आणि तिची भोकं कागदाच्या कोपऱ्यातून हळूहळू मधे सरकत आली. जौहरीजींनी चेष्टेत तिचं 'बाईस बोर बाईजी' असं नाव ठेवलं. मी ते घरी येऊन यांना सांगितलं, यांनी मराठी मंडळाच्या कोजागरीला सगळ्यांना सांगितलं, आणि प्रभा कायमची बावीस बोर झाली. तिला त्याचा राग नव्हता. "बोरच आहे ना," म्हणायची, "गोड आहे."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती साहेबांना म्हणाली, "आज बत्तीस दीजिए." मी विणकाम बाजूला ठेवलं. साहेबांनी कारण विचारलं. ती हिंदीत काही सांगायला गेली, मग शब्द सापडेनात म्हणून माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "ताई, यांना सांगा, मला बावीसच आवडतं. पण घाबरून बावीस घेतलं, असं नको राहायला. बावीस-बत्तीस दोन्ही हातात धरता आली पाहिजेत, मग मी निवडीन." मी जमेल तसं सांगितलं. साहेबांनी मान हलवली. पुन्हा तोच खेळ, काही घरांत भरलेली काडतुसं, काही घरांत रिकामी, कुठे काय ते तिला ठाऊक नाही. पहिल्या रविवारी नळी खाली गेली. पुढच्या रविवारीही गेली. मग एक दिवस टिक झालं आणि नळी होती तिथेच राहिली, डोळे उघडे. त्याच्या पुढचा खटका ओढला तेव्हा धडाका झाला, तरीही डोळे उघडेच. जौहरीजींनी टाळ्या वाजवल्या. प्रभानं उरलेल्या गोळ्या शांतपणे झाडल्या, कागद बघून आली, त्यांचं रिव्हॉल्व्हर पुसून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बहुत अच्छा है, जौहरीजी. मुझे नहीं चाहिए."

त्या संध्याकाळी तिच्या क्वार्टरवर भाऊजींशी तिचं बोलणं झालं, तेव्हा मी तिथेच चहा घेत होते. भाऊजींना वाटलं होतं, आता बत्तीस जमतंय म्हटल्यावर रिव्हॉल्व्हर घरात येणार. ती म्हणाली, "घरात काहीच नको. ना बत्तीस, ना बावीस."

"आणि चोर आला तर?"

"चोर आला तर ओरडीन. सगळी कॉलनी गोळा करीन. गोळी झाडायची म्हणजे समोरच्या माणसाला मारायची तयारी लागते. ती माझी नाही आणि मला करायची पण नाही. मला कागदावर नेम धरायला आवडतो. तेवढ्याला बावीस पुरतं आणि ते क्लबात राहतं."

"म्हणजे इतके दिवस..."

"इतके दिवस मी माझ्यासाठी जात होते," ती म्हणाली आणि त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला. भाऊजींनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "बरं. मग दाराला दुसरी कडी बसवून घेऊ." प्रभा म्हणाली, "ती बसवा." प्रश्न मिटला. चोर पुन्हा कधी आला नाही.

त्या वर्षी संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन सकाळी लवकर तिच्याकडे गेले. जयपुरात संक्रांत म्हणजे पतंग, पण त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की पतंग सोडा, समोरची रांग दिसत नव्हती. प्रभा चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. मी पाटावर टेकले न टेकले तोच रुळांकडून धाडकन आवाज आला, पाठोपाठ दुसरा. धुक्यामुळे कोणीतरी रुळाला फटाके लावले होते आणि गाडी त्यांवरून आली होती. मीच दचकले, हातातली वाटी हिंदकळली. प्रभाचा हात क्षणभर परातीवर थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भाकरी उचलून तव्यावर टाकली आणि म्हणाली, "आग्र्याची गाडी असेल. बिचारा ड्रायव्हर, त्याला काहीच दिसत नसणार." मी तिळगूळ दिला, तिनं गरम भाकरी दिली.

पुढे साहेबांनी तिचं नाव राज्याच्या स्पर्धेत घातलं. बायकांची स्पर्धा बावीस बोरचीच असायची, आणि त्या वर्षी ती आमच्याच रेंजवर होती. नेमके त्याच सुमारास तिचे वडील अमळनेरहून नातीला बघायला आले होते. पांढरं धोतर, टोपी, उजव्या हाताची दोन बोटं नसलेले, फारच कमी बोलणारे गृहस्थ. प्रभानं त्यांना स्पर्धेला न्यावं की नाही, यावर चार दिवस घोळ घातला. ज्या माणसानं आयुष्यात घरात टिकलीसुद्धा उडवू दिली नाही, त्याला बंदुकांच्या आवाजात नेऊन बसवायचं... शेवटी तेच म्हणाले, "मी येतो. पोरगी काय करते ते बघतो."

ते शेडमध्ये माझ्या शेजारी बसले. कापूस दिला तर घेतला नाही. मी सबंध वेळ प्रभाकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत होते. पहिले काही आवाज झाले तेव्हा त्यांचा अर्धा पंजा मांडीवर आवळला गेला. मग हळूहळू सुटला. प्रभाच्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी होती, तिचं पिस्तूल मधेच अडकलं, तिची घालमेल, पंच धावून आले, गडबड झाली. प्रभानं पिस्तूल खाली ठेवलं, सगळं निवळेपर्यंत डोळे मिटून उभी राहिली आणि पुन्हा उचललं. ती तिसरी आली. पहिल्या दोघी लहानपणापासून शिकलेल्या, मोठ्या घरच्या मुली होत्या. जौहरीजींनी आम्हा सगळ्यांना मिठाई वाटली आणि वडिलांना वाकून नमस्कार केला, तेव्हा ते संकोचून उभेच राहिले.

तिथून आम्ही कानोत्याच्या धरणावर गेलो. प्रभा, भाऊजी, सुजाता, वडील, हे आणि मी. पाण्याकाठी चादर अंथरून भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत काढलं. सुजाता पाण्यात खडे टाकत होती. वडिलांनी घास हातात घेतला आणि म्हणाले, "एवढासाच आवाज असतो का त्याचा? माले वाटलं होतं, लई मोठा असेल." प्रभा हसली. मग इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती, ते ती बोलली. "बाबा, तुमचा तो फटाका फुटला ना... मला तो आवाज अजून आठवतो. दुसरं काहीच आठवत नाही. मी तिथेच कान झाकून बसले होते ना?"

वडिलांनी घास खाली ठेवला. "बसली होती?" ते म्हणाले. "तुले असं वाटतं? माले तर आवाज यादच नाही, पोरी. माले तू पळताना दिसते. पायात चप्पल नाही, खडीवरून चालली, वेणी सुटलेली. तू गेटापर्यंत गेली आणि त्या गेटमनला हाताला धरून ओढत आणलं. त्यानं माझा हात बांधला, त्यानंच पुढे जाऊन गाडी थांबवली. तू बसून राहिली असती तर मी आज इथे भाकर खात बसलो नसतो."

भाऊजी पाण्याकडे बघत होते. प्रभा वडिलांच्या त्या हाताकडे बघत होती, जणू पहिल्यांदाच बघत असावी. मग तिनं विचारलं, "मग एवढी वर्षं सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाही. आणि माले वाटलं, तुले सगळं याद असेल. म्हणून तर तू आवाजाला भिते, असं मी समजत होतो. मंग कशाले ते उकरायचं."

प्रभानं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर भरीत घातलं आणि वडिलांच्या ताटलीत ठेवलं. "खा," म्हणाली, "गार होतंय." तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. परतताना बसमध्ये ती वडिलांशेजारी बसली. ते झोपले होते आणि त्यांचा उजवा हात तिच्या मांडीवर, तिच्या दोन्ही हातांत होता. मी मागच्या सीटवरून बघितलं.

त्यानंतर थोड्याच काळात आमची बदली झाली. प्रभा जयपुरातच राहिली. भाऊजी निवृत्त झाले, सुजाताला झालाना भागातल्या एका ऑफिसात नोकरी लागली, त्यांनी जवळच छोटं घर घेतलं. सूबेदारसाहेबांमागे प्रभा रेंजवर नव्या मुलींना शिकवू लागली. स्पर्धेत ती त्या तिसऱ्या नंबराच्या पुढे कधी गेली नाही, आणि त्याची तिला खंतही नव्हती. मुलींच्या गोष्टी मात्र फोनवर रंगवून सांगायची. येणारी प्रत्येक मुलगी आधी मोठं पिस्तूल मागते, म्हणायची. "मी म्हणते, घे बाई, उडवून बघ. मग काय आवडतं ते तूच सांग. मी नाही सांगणार." एक मुलगी खरोखरच मोठ्या बोरची निघाली, हिसका तिच्या मनगटाला मानवला, तर प्रभाला कोण आनंद झाला होता.

मागच्या पंधरवड्यात मी जयपूरला जाऊन आले. भाऊजी आता थकले आहेत, ऐकायला कमी येतं. त्यांनी मला प्रभाच्या खोलीत नेलं. स्वच्छ खोली, पूर्वेची खिडकी, खिडकीत मोगऱ्याची कुंडी आणि कुंडीशेजारी पितळेचा एक छोटा तांब्या. मी तांब्याकडे बघत होते, तर भाऊजी म्हणाले, "रोज सकाळी तो काठोकाठ भरून घ्यायची. इथे उभी राहून हात लांब करून धरायची, नेम धरल्यासारखा. मनगट दुखायला लागलं होतं ना शेवटी, पिस्तूल बंद झालं, पण हे सोडलं नाही. हात दमला की पाणी मोगऱ्याला. मी म्हणायचो, अगं, आता कोणती स्पर्धा? तर म्हणे, स्पर्धा कशाला, बरं वाटतं."

इतक्या वर्षांत हे तिनं मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. सुजातानं तांब्या भरून माझ्या हातात दिला. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले आणि हात लांब केला. समोर झालान्याच्या टेकड्या, त्यांवर कोवळं ऊन. क्षणभर जमलं. मग हात थरथरला, पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं आणि सुजाता खुदकन हसली. "मावशी," ती म्हणाली, "आई पण पहिले पहिले असंच सांडायची. मतलब, पूर्ण खोली ओली." भाऊजींना ऐकू गेलं नव्हतं, पण आम्हाला हसताना बघून तेही हसले. तांब्यात उरलं होतं तेवढं पाणी मी मोगऱ्याला घातलं आणि तांब्या पालथा करून, त्याच्या जागेवर, उन्हात ठेवला.